मदत हवी आहे: आंब्याची कुल्फी तिसऱ्यांदा बर्फ झाली, रविवारी २५ माणसं आहेत

वडगावची_सून
साच्यातून छान सुटते, रंग पण सुरेख येतो. पण दात लावला की कचकच. चोखलं की गोड पाणी आधी तोंडात येतं आणि मागं काडीला नुसता फिका बर्फ राहतो. रविवारी माहेरची माणसं येणार आहेत, विकतची आणायची नाही असं मी सगळ्यांना सांगून बसलेय. काय चुकतंय ते पटकन सांगा. व्हिडिओ पाठवू नका, सगळे बघून झालेत.

निपाणीकर_काका
दूध कुठलं? किती आटवलंस? साखर किती? फ्रीज एका दाराचा का दोन? यातलं काहीच लिहिलं नाहीस बाळ. अंदाजानं काय सांगायचं?

वडगावची_सून
दूध नेहमीचंच काका. पद्धत पण सगळे करतात तीच.

टिळकवाडी_किचन
नेहमीचं म्हणजे पिशवीचं का गवळ्याचं? आणि कॉर्नफ्लॉवर घातलंस का? नसेल तर तिथंच चुकलं. लिटरला एक चमचा, गार दुधात कालवून घालायचं. मी गेली कित्येक वर्षं असंच करते, एकदाही बर्फ झाला नाही.

शहापूरची_मावशी
कॉर्नफ्लॉवर घातलं की ती कुल्फी नव्हे, खळ होते. जिभेला पिठूळ लागतं. कुल्फी म्हणजे आटीव दूध, बास.

टिळकवाडी_किचन
मावशी, पीठ कच्चं राहिलं तरच पिठूळ लागतं. नीट शिजवलं की ते पाणी धरून ठेवतं आणि खडे मोठे होत नाहीत. सगळ्यांना दोन दोन तास दूध घोटत बसायला वेळ नसतो.

कोकमवाली_खानापूर
ताई, उन्हाळ्यात कुल्फीच्या मागं कशाला लागताय? सरळ कोकम सरबत करा. आमसुलं धुऊन चार तास भिजत घाला, हातानं कुस्करून गाळा, साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव. माणसं उन्हातून आली की आधी तेच मागतात.

वडगावची_सून
कोकम आहेच ओ, ते आल्या आल्या देणार. मी कुल्फीचं विचारलंय.
पिशवीचं टोन्ड दूध एक लिटर, १५ मिनिटं उकळलं. गॅस बंद करून लगेच हापूसचा गर दोन वाट्या घातला. साखर अर्धी वाटीच, मामंजींना शुगर आहे. फ्रीज एका दाराचा.

निपाणीकर_काका
आता कसं! टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के आणि बाकीचे घन पदार्थ साडेआठ टक्के. म्हणजे ८८ टक्के पाणीच की. १५ मिनिटांत त्यातलं कितीसं जाणार? वर दोन वाट्या गर, तो पण बहुतेक पाणीच. मिश्रण सावकाश गोठतं तेव्हा आधी नुसत्या पाण्याचा बर्फ धरतो आणि साखर उरलेल्या पाकात गोळा होत जाते. तुझ्या तोंडात आधी गोड पाणी येतं ते म्हणूनच. त्यात साखर निम्मी केलीस. साखर नुसत्या गोडीसाठी नसते, ती असली की सगळंच पाणी गोठत नाही आणि कुल्फी मऊ राहते.
गवळ्याकडून म्हशीचं दूध घे. ६० मिलीचे साचे धरले तर २५ कुल्फ्यांना दीड लिटर मिश्रण लागतं. तीन लिटर दूध आटवून सव्वा लिटरवर आण, साखर पाव किलो, आणि गर आधी वेगळा आटवून एक वाटी.

शहापूरची_मावशी
गर गरम दुधात कधीच घालायचा नाही गं. आंबा थोडा जरी आंबट निघाला तरी दूध फाटतं. तळाला बारीक कण दिसले होते का? दोन्ही पूर्ण गार होऊ देत, मग एकत्र कर.

वडगावची_सून
होय मावशी, कण होते. मला वाटलं आंब्याचा चोथा असेल.

हिंडलगा_फूडी
साखरेऐवजी गूळ घाला, मामंजींना पण चालेल.

शहापूरची_मावशी
गुळानं शुगर वाढत नाही असं कुणी सांगितलं? आणि गरम दुधात गूळ गेला की ते पण फाटतं. मामंजींसाठी वेगळे दोन छोटे साचे लावावेत, आंबा आणि साखर कमी घालून. ते कडक होणारच, खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवायचे. किती खायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

अथणीकर
आमच्याकडं उन्हाळ्यात अंबील. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात भिजवायचं, सकाळी शिजवून गार करायचं, ताक, मीठ, ठेचलेला लसूण. माठातली प्यायली की रानात दुपारपर्यंत काय होत नाही.

कॅम्प_कट्टा
कुंदा घालून बघा कुणीतरी. कुंदा म्हणजे दूध आणि साखर आटवून खरपूस केलेलीच असते. आटीव दुधात लिटरला पाव किलो कुस्करून घालायचा, वेगळी साखर नको. आमच्या घरी हीच कुल्फी होते आणि पाहुणे दुसरी मागतातच.

पुण्यातला_बेळगावकर
कुंद्याचं नाव काढलंत! इथं मिळतो तो नुसता गोड लागतो, ती करपट चव नाही. येताना कुणी आणेल का?

टिळकवाडी_किचन
आंब्यात कुंदा नको, दोघांची चव मारली जाते. बरं, साचे किती वेळ ठेवले होतेस?

वडगावची_सून
रात्रभर. मंगळवारी वळीव आला तेव्हा लाईट तीन तास नव्हती, पण मी दार उघडलंच नाही.

निपाणीकर_काका
हे आधी सांगायचं की गं! एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा आधीच फार गार नसतो. लाईट गेली की अर्धवट वितळतं, परत धरताना बारीक खडे एकमेकांना चिकटून मोठे होतात. वळवाचे दिवस आहेत, रविवारचा भरवसा धरू नको. पत्र्याचे साचे घे, झाकणं कणकेनं लिंपून टाक. जुन्या माठात फोडलेला बर्फ तीन वाटे, खडेमीठ एक वाटा, थरावर थर. मिठानं बर्फ वितळायला लागला की तो भोवतीची उष्णता ओढतो आणि शून्याच्या बराच खाली जातो. मिश्रण फ्रीजमध्ये आधी गार करून भर, मग अधूनमधून माठ हलवत राहा. भराभर धरलं की खडे बारीक राहतात. लादीचा बर्फ खायचा नसतो, तो नुसता साच्याबाहेर.

टिळकवाडी_किचन
काकांचं बरोबर आहे, पण कॉर्नफ्लॉवर घातलं असतं तर लाईट गेली तरी थोडं सावरलं असतं.

शहापूरची_मावशी
बरं बाई, लिटरला चमचाभर घालू दे. पण दूध आटवायचं चुकवू नको.

वडगावची_सून
काल रात्री सहा साचे माठात लावले. एक लिटर म्हशीचं दूध आटवलं, कॉर्नफ्लॉवर नाही, गर आटवून गार केलेला. आत्ता एक कापून बघितली. सुरी सलग गेली, कचकच नाही, आणि चोखल्यावर रंग काडीपर्यंत तसाच राहिला. एका साच्यात मिठाचं पाणी शिरलं, त्याची कणीक सुकून भेगाळली होती. तीन लिटर दूध आता गॅसवर चढवलंय. मावशी, आंब्यात वेलदोडा घालू का?

शहापूरची_मावशी
नको, आंब्याचा वास मरतो. केशराच्या चार काड्या बास. आणि कणीक घट्ट भिजव, वरून ओलं फडकं टाक. मोबाईल ठेव आता, दूध बुडाला लागेल.