मदत हवी आहे : जुनी ऑक्टेव्हिया कॉम्बी, 1.8 टर्बो पेट्रोल (रत्नागिरी)

मंडळी, रत्नागिरीत स्कोडाची पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया कॉम्बी (स्टेशन वॅगन) विकायला आहे. मॅन्युअल, 1.8 टर्बो. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालेलं आहे, तो प्रश्न नाही. सर्व्हिस बुक मात्र गायब, म्हणजे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) बदललाच नाही असं धरून चालायचं: बेल्ट, टेन्शनर, रोलर, वॉटर पंप एकदमच. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. धातूच्या इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा) पंप कुठे मिळेल? प्लॅस्टिकचा शाफ्टवर सैल होतो आणि इंजिन तापतं.

मुख्य काळजी वेगळीच. इंजिन गरम झालं की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो. सेन्सर गेला असेलही, पण या इंजिनात तेलाचा गाळ होऊन सम्पमधली (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतली) पिकअपची, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी तुंबते आणि टर्बो तेलावाचून उपाशी राहतो. मेकॅनिक म्हणतो, फ्लश मारू, म्हणजे रसायन घालून आतला गाळ सोडवू. मला पटत नाही. सुटलेला गाळ जाळीतच जाऊन बसणार. आधी सम्प उतरवून जाळी साफ, मग 5डब्ल्यू-40 सिंथेटिक तेल, बरोबर ना? गेज लावून प्रत्यक्ष प्रेशर मोजणारं चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात कोणी आहे का?

गाडी खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर असायची. मागच्या चाकांच्या कमानीला रंगाचे फोड आलेत, पेचकस टेकवला की पापुद्रा सुटतो. डावीकडचं कार्पेट ओलं, बहुधा वायपरखालची पाण्याची भोकं पानांनी तुंबलीत. कमानीचा पत्रा कापून नवा वेल्ड करणारा गॅरेजवाला सुचवा. नुसतं पुट्टी-रंग करणारे नकोत, एका पावसाळ्यात पुन्हा फुगतं.