कासवाच्या कुंपणातली कोळीण

ए-१ (तळमजला): सगळ्यांना नमस्कार. रविवारी फवारणीवाला येणार आहे म्हणून आधीच सांगते. पार्किंगच्या मागे आमच्या गोट्याचं, म्हणजे कासवाचं, कुंपण आहे, तिथं औषध मारू देऊ नका. काल रात्री त्याच्यावर गोणपाट टाकायला गेले, बॅटरी मारली तर हरळीत दोन हिरवट ठिपके चमकले. वाटलं पावसाचं पाणी. मग ठिपके हलले! वाकून बघते तर मातकट रंगाची कोळीण, आणि तिच्या मागे वाटाण्याएवढी पांढरी पिशवी चिकटलेली. अंडी आहेत त्यात.

बी-४ (मामी): अगं बाई, मारली का नाही? कोळी मुतला की अंगावर फोड येतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या मानेवर आले होते, आठ दिवस नुसती आग.

सी-२ (दादा): कासवाला चावली म्हणजे? घ्या की मारून जरासं औषध, तेवढ्यानं काय होतंय.

ए-१: गोट्यालाच होईल ओ दादा. तो दिवसभर तीच हरळी खातोय. औषध पानावर बसलं की सरळ त्याच्या पोटात. कोळीण त्याचं काहीच वाकडं करत नाही. त्याचे पुढचे पाय बघा एकदा, खवले कसे टणक आहेत. तो पाला खातो, ती किडे खाते. उरलेल्या पाल्यावर माश्या, चिलटं, झुरळं येतात, ती हिच्या वाट्याची. जाळंसुद्धा करत नाही ही, जमिनीवर पळून शिकार धरते. लांडगा कोळी म्हणतात.

बी-६ (डॉक्टर काका): मामी, तुमचे फोड मी बघितले होते. ते कोळ्याचे नव्हेत. पावसाळ्यात ट्यूबलाइटला लाल-काळा, बारीक, लांबट किडा येतो, पेडेरस नावाचा. मानेवर बसला की आपण हातानं चिरडतो आणि त्याच्या अंगातलं द्रव कातडीला भाजतं. चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. चिरडला गेलाच तर लगेच साबणानं धुवा. कोळीण हातात धरली तर चावेल, पण घाबरण्यासारखं काही नाही. लांबून बघा.

बी-४ (मामी): असेल बाई. आम्ही गावभागात होतो ना, २०१९ चा पूर ओसरल्यावर घरात काय काय निघालं होतं. तेव्हापासून असलं काही दिसलं की पोटात गोळा येतो.

ए-१: मामी, ते कसं विसराल तुम्ही. पण ही कुंपणातच आहे, खापराखाली जाऊन बसलीय. रोज मी लक्ष ठेवीन.

सी-५: वहिनी, सहज विचारतो, कासव पाळणं गुन्हा आहे ना?

ए-१: पाठीवर चांदण्या असलेलं आपलं देशी कासव पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि ती हवीच. गोट्या सल्काटा, आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या जातीचा. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलीय. कागदाची झेरॉक्स सेक्रेटरींकडं आहे.

सेक्रेटरी: आहे माझ्याकडं. रविवारी फवारणी फक्त गटाराच्या चेंबरना आणि जिन्याखाली. स्वयंपाकघरात झुरळांचं जेल (औषधाची पेस्ट) लावतील. मागच्या बाजूला कोणी जाणार नाही, मी स्वतः उभा राहतो.

ए-१: खूप आभार काका.

(गुरुवारी)

ए-१: पिशवी फुटली! पिल्लं सगळी आईच्या पाठीवर चढलीत. एकावर एक, मोहरीएवढी, तिची पाठच दिसत नाही. गोट्या शेजारून गेला तेव्हा ती जागची सरकली, दोन पिल्लं खाली पडली, पाय धरून परत वर गेली. काही दिवसच राहतील अशी, मग पांगतील. कोणाला बघायचं असेल तर रात्री आठनंतर या.

बी-४ (मामी): नातवाला घेऊन येते. बॅटरी आणू का?

ए-१: आणा. आपल्या डोळ्यांजवळ धरायची, म्हणजे तिचे डोळे चमकतात.