प्रति: एका नोंदीचं बिल छापताना सगळीच का छापली जातात?

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये एका फ्लॅटचं बिल मागितलं की सगळ्याच सभासदांची बिलं प्रिंटरमधून बाहेर येतात, असं तुम्ही लिहिलंय. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची मेंटेनन्स बिलं मी ॲक्सेसमध्येच काढतो, म्हणून सांगतो. रिपोर्ट, म्हणजे छापायचं बिल, उघडणाऱ्या डूकमांडच्या ओपनरिपोर्ट (DoCmd.OpenReport) या आज्ञेत कोणत्या नोंदी घ्यायच्या याची अट लिहायला व्हेअरकंडिशन (WhereCondition) नावाची जागा असते, ती तुम्ही रिकामी सोडली असणार. तिथे 'क्रमांकाचं फील्ड = चालू नोंदीचा क्रमांक' अशी अट द्या. फ्लॅट नंबर 'बी-304' असा मजकुराचा असेल तर तो अवतरणचिन्हांत हवा, नुसत्या आकड्याला ती लागत नाहीत. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली होती.

वर एकांनी आउटपुटटू (OutputTo, रिपोर्ट फाइलमध्ये काढणारी आज्ञा) वापरून थेट पीडीएफ करायला सुचवलंय. पण आउटपुटटूला अट देताच येत नाही! म्हणून रिपोर्ट आधी अट घालून प्रिव्ह्यूमध्ये, विंडो लपवून उघडायचा, मग आउटपुटटू चालवायचं आणि लगेच रिपोर्ट बंद करायचा. हे बंद करणं कृपया विसरू नका. रिपोर्ट उघडाच राहिला तर लूपमधल्या (एकामागून एक बिलं काढणाऱ्या कोडमधल्या) पुढच्या फ्लॅटलाही आधीच्याच माणसाचं बिल जाऊ शकतं, आणि दुसऱ्याची थकबाकी शेजाऱ्याच्या हाती पडणं फार वाईट.

फॉर्मवरच्या बटणावरून छापत असाल तर आधी नोंद सेव्ह करा (कोडमध्ये मी.डर्टी = फॉल्स, म्हणजे Me.Dirty = False), नाहीतर आत्ताच टाकलेली रक्कम बिलावर येणार नाही.

पहिल्यांदा सगळी बिलं पीडीएफमध्येच काढा, चारपाच उघडून तपासा, मगच कागदावर घ्या.