वाडाची वर्गणी आणि तिच्यामागचे राजकारण

अमेरिकेने २०२४ ची सुमारे ३६ लाख डॉलर्सची वर्गणी रोखल्यामुळे वाडा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था आता सुधारेल, असे मत काही जण मांडतात. मला ते पटत नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा निम्मा निधी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती देते आणि निम्मा जगभरची सरकारे देतात, म्हणजेच ज्यांच्या स्पर्धांवर आणि खेळाडूंवर तिने लक्ष ठेवायचे, त्यांच्याच पैशावर ती चालते.

वादाचे मूळ २०२१ मधले आहे. चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकारावरचे औषध सापडले, ते हॉटेलच्या स्वयंपाकघरातून अन्नात मिसळले असा चिनी यंत्रणेने दिलेला खुलासा वाडाने आव्हान न देता स्वीकारला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पत्रकारांनी प्रकरण उघड करेपर्यंत जगाला त्याचा पत्ताही नव्हता. ही गुप्तता मला अक्षम्य वाटते.

तरीही पैसा अडवून दबाव आणण्याचा पायंडा एकदा पडला, की उद्या कोणतेही सरकार आपल्या खेळाडूंसाठी तोच मार्ग धरील. ऑलिंपिक समितीही यात तटस्थ नाही: अमेरिकेने वाडाच्या सर्वोच्च अधिकाराचा मान राखला नाही, तर अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीला दिलेल्या २०३४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या यजमानपदाचा करार रद्द करता येईल, असे कलम तिने जुलै २०२४ मध्ये घालून घेतले. शिवाय अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या लीग वाडाच्या नियमसंहितेबाहेरच आहेत, हेही विसरून चालणार नाही.