मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन आविन्यों आणि आर्ल, गाडीशिवाय

नमस्कार मंडळी,
आम्ही पॅरिसला राहतो. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांना एका वीकेंडला दक्षिण फ्रान्स दाखवायचाय. शुक्रवारी संध्याकाळी गार द लियोंहून टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) आविन्यों, रविवारी रात्री परत. टीजीव्हीचं स्टेशन गावाबाहेर आहे, पण तिथून लोकल पाचेक मिनिटांत थेट तटबंदीपाशी सोडते.

शनिवारी सकाळी आर्ल नक्की, कारण त्या दिवशी बुलव्हार दे लीसवर मोठा बाजार भरतो. ऑलिव्ह, चीज, मसाले बघत आई तिथे मनसोक्त रमेल.

खरा प्रश्न रविवारचा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांना पों द्यु गार बघायचाच आहे. नीम शहराला पाणी नेणारा सुमारे 50 किलोमीटरचा रोमन कालवा, त्याला एकूण उतार जेमतेम 12-13 मीटर! त्यातला हा 49 मीटर उंच, तीन मजली पूल; खालच्या कमानींचे दगड चुन्याशिवाय रचलेले. हे त्यांना डोळ्यांनी बघायला मिळावं, अशी माझी फार इच्छा आहे. रविवारी आविन्योंहून बसने जाऊन संध्याकाळच्या गाडीपर्यंत परतता येतं का? की मुक्कामच नीमला करावा?

आईचे गुडघे दुखतात. आविन्योंमधल्या पोपच्या राजवाड्यात जिने खूप आहेत का? आणि मिस्त्राल (तिकडचा जोरदार, गार वारा) सुटला तर म्हाताऱ्या माणसांना बाहेर फिरणं झेपतं का?

दोघंही शाकाहारी आहेत, अंडं चालतं. रविवारी संध्याकाळी उघडी असणारी खाणावळ माहीत असेल तर जरूर सांगा.