सिग्नल बूस्टरला प्रमाणपत्राची सक्ती कशासाठी?

धागाकर्ता: घरात रेंज नाही म्हणून बूस्टर लावावा, तर कायदा आडवा येतो. भारतात रिपीटर (म्हणजे असा बूस्टर) बसवण्याची मुभा फक्त परवानाधारक टेलिकॉम कंपन्यांना. अमेरिकेत प्रमाणित यंत्र घेऊन कंपनीकडे नोंदवावं लागतं. मला ही ग्राहकाची अडवणूक वाटते. वायफाय राउटर लावताना आपण कुणाला विचारतो?

लहरी: राउटरचं उदाहरण इथे लागू नाही. वायफाय सर्वांना खुल्या असलेल्या पट्ट्यात चालतं, आणि राउटरलाही मानकं पाळावीच लागतात. मोबाइलचा स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा, कंपनीच्या नावावर असतो. बूस्टर त्यात टॉवरकडे प्रक्षेपणही करतो, आणि सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून पाठवतो. लांबच्या एखाद्याचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. बाहेरचा आणि आतला अँटेना फार जवळ लावला, तर माइक स्पीकरसमोर धरल्यावर जे होतं तेच लहरींचं होतं, त्याला दोलन म्हणतात. लावणाऱ्याला पत्ताही नसतो, कारण त्याच्या फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या! म्हणून अमेरिकेच्या नियमात टॉवरकडे जाणाऱ्या पट्ट्यातलं असं दोलन ०.३ सेकंदात ओळखून आवरायचं बंधन आहे. पाच वेळा पुन्हा सुरू होऊनही तेच घडलं, तर हाताने रीसेट करेपर्यंत यंत्र बंद. प्रमाणपत्र म्हणजे याची हमी.

धागाकर्ता: हे पटलं. पण ज्याच्या घरात आजारी माणूस आहे आणि फोन लागत नाही, त्याने काय करायचं? कंपनी म्हणते, आमच्या नकाशात तिथे कव्हरेज आहे. सरसकट बंदी घातली की लोक गुपचूप मिळेल ते यंत्र आणतात, म्हणजे ज्याची भीती तेच घडतं.

खिडकीजवळ: इंटरनेट असेल तर आधी वायफाय कॉलिंग सुरू करा. आणि आजारपणाचंच म्हणाल, तर अमेरिकेत बूस्टरवर इशारा छापावा लागतो: आपत्कालीन कॉलमध्ये तुमचं ठिकाण कळणार नाही किंवा चुकीचं कळेल.

लहरी: बंदीची बाजू मीही घेत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये ठरावीक मानकांचे, एकाच कंपनीच्या सिग्नलपुरते घरगुती रिपीटर वैयक्तिक परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. असा दरवाजा हवा. मानकं मात्र सैल करू नयेत.

धागाकर्ता: मग एक अट माझीही घाला. प्रमाणित यंत्राची नोंदणी नाकारायची असेल, तर कंपनीने लेखी कारण द्यावं, आणि त्या घरात रेंज कधी पोचवणार याची तारीखही.