फायब्रोमायल्जिया आणि न जाणारा थकवा: गोळ्यांबरोबर आणखी काय करता?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय ४३. गेल्या पावसाळ्यात संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जियाचं निदान केलं. त्याआधी कुणी मणक्याचा एमआरआय काढायला लावला, कुणी कॅल्शियम दिलं, कुणी "घरात काही टेन्शन आहे का" एवढं विचारून मोकळं झालं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मान, खांदे, कंबर, मांड्या, सगळंच ठणकतं. दुखणं आज इथं तर उद्या तिथं. रात्रभर झोपूनही झोपल्यासारखं वाटत नाही. परवा फळ्यासमोर उभी होते आणि 'लघुकोन' हा शब्दच सुचेना. चौथीतली पोरगी मागून सांगायली, "बाई, लघुकोन."

रात्रीची एक गोळी चालू आहे, थोडा फरक आहे. डॉक्टर म्हणाले, बाकी व्यायाम, झोप आणि ताण तुम्हीच बघायचं. पटतं हो. पण आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री दोन-अडीचला. घरात दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी लागते. शाळेला एसटीनं जायचं, उभ्यानं. या सगळ्यात तुम्ही कसं बसवलं ते सांगा. शेक, तेल, योग, आयुर्वेद, काहीही चालेल, पण स्वतः केलेलं असावं. 'पॉझिटिव्ह राहा' तेवढं नको.

गोदातीर
मी नांदेडची, मला बरीच वर्षं झाली. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला विचाराल तर थकायच्या आधी थांबण्याचा. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या बायकांना ते जमत नाही. एखाद्या दिवशी बरं वाटलं की धुणं, डबे घासणं, दळण, माळ्यावरचं आवरणं, सगळ्याचा त्याच दिवशी फडशा पाडायचा आणि पुढं तीन-चार दिवस अंथरूण धरायचं. मी मोबाइलवर गजर लावते. वाजला की कणीक अर्धी मळलेली असली तरी हात धुऊन पाठ टेकायची. आधी घरचे हसायचे, आता गजर वाजला की नातूच म्हणतो, "आज्जी, बस."

भाकरीचं सांगते, कारण खांद्याचा आणि कोपराखालच्या हाताचा सत्यानाश तिथंच होतो. खाली बसून काठवटीवर वाकायचं बंद केलं. ओट्याजवळ उंच स्टूल ठेवलं. पिठाची उकड काढून घेते: पाणी चांगलं उकळलं की चिमूटभर मीठ, त्यात पीठ, झाकण, गॅस बंद. कोमट झालं की मळायचं. मग भाकरी थापावी लागत नाही, लाटता येते आणि कडाही चिरत नाहीत. आत्याबाईंनी नाक मुरडलं होतं, "ही काय पोळी हाय का?" पण खाल्ली.

पाण्याच्या रात्री मोटर चालू करायला मी उठत नाही. ते काम मुलाचं. भांडण झालं त्यावरून, होऊ द्या. आपल्या दुखण्यात झोपमोड फार महागात पडते.

रानमळा_बीड
ताई, राग मानू नका. आमच्याकडं बाया दिवसभर कापूस वेचतेत, सोयाबीन काढतेत. अंग सगळ्यांचंच दुखतं. घाम गाळला की दुखणं पळतं. जास्त इचार केला की वाढतं, एवढंच मला कळतं.

मांजराकाठ
दादा, राग नाही. पण त्याच बायांतल्या कितीजणी संध्याकाळी दवाखान्यात सुई टोचून घेऊन सकाळी पुन्हा रानात जातेत, ते तुम्हीही बघितलं असेल. माझी आई तशीच गेली कामाला, आयुष्यभर. तिला काय झालं होतं ते कुणी विचारलंच नाही.

फिजिओ_संभाजीनगर
रानमळा दादांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फायब्रोमायल्जियात सांधा झिजत नाही, सुजत नाही, म्हणून एक्स-रे आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येतात. बिघाड असतो तो मेंदू आणि मज्जारज्जू वेदना कशी मोजतात त्यात. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा आणि बटण सापडू नये, तसं. वेदना खरी असते, नाटक नसतं. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांत, अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत आणि ११ ठिकाणी दुखलं तर निदान करत. २०१० पासून निकष बदलले: दुखणं अंगभर किती पसरलंय, झोप, थकवा, विसरभोळेपणा किती, आणि हे ३ महिन्यांपासून आहे का, ते बघतात. त्याबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि साखर एकदा तपासलेली असावी, कारण यांच्या गडबडीतही अंग असंच दुखतं. आपल्या भागात चिकनगुनिया होऊन गेलाय का, हेही डॉक्टरांना सांगा. २००६ च्या साथीनंतर मराठवाड्यात महिनोन् महिने सांधे धरून बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

व्यायामाचं म्हणाल तर युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं फायब्रोमायल्जियासाठी ठाम शिफारस केलेला उपाय तो एकच आहे. गोळ्यांची शिफारसही त्यांनी इतकी ठाम केलेली नाही. पण सुरुवात लाज वाटेल इतकी कमी हवी. पाच मिनिटं चाला, सपाट रस्त्यावर. आठवडाभर तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही तरच दोन मिनिटं वाढवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा उजाडायच्या वेळी नाही तर घरातल्या घरात. २०१८ साली एका चांगल्या चाचणीत ताई ची हा चिनी संथ व्यायाम एरोबिकच्या, म्हणजे दम वाढवणाऱ्या व्यायामाच्या, बरोबरीचा, काही बाबतींत सरस ठरला. ताई ची शिकवणारा उदगीर-निलंग्याला कुठून आणायचा म्हणा! पण संथ हालचाल आणि श्वास हेच आपल्या योगातल्या सूक्ष्म व्यायामातही आहे, ते करून बघायला हरकत नाही.

परभणीची_पाहुणी
फिजिओ सर, एक गोष्ट ठळक लिहा प्लीज, नाहीतर माझ्यासारख्यांचे हाल होतात. मला फायब्रो नाही, तापानंतर जडलेला क्रॉनिक फटीग, म्हणजे महिनोन् महिने न जाणाऱ्या थकव्याचा आजार आहे. त्यात श्रमानंतर लगेच नाही, एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो. योगाच्या वर्गात ताईंनी प्रेमानं सूर्यनमस्कार वाढवत नेले. त्या दिवशी छान वाटलं. तिसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना, बोलणंसुद्धा जड. दर वेळी तेच.

फिजिओ_संभाजीनगर
अगदी बरोबर, लिहायला हवंच होतं. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक सूचना बदलली आणि क्रॉनिक फटीगच्या रुग्णांना ठरवून वाढवत नेणारा व्यायाम देऊ नका असं सांगितलं. तिथं आपली मर्यादा ओळखून तिच्या आत राहायचं. मांजराकाठ ताई, तुम्हाला दोन्ही असू शकतं. म्हणून वहीत लिहा: आज काय केलं आणि परवा कसं वाटलं. चालल्यावर दोन दिवसांनी सगळंच ढासळत असेल, ताप आल्यासारखं, डोकं बधिर, तर चालणं वाढवू नका आणि डॉक्टरांना ती वही दाखवा.

अंबाजोगाईकर
आमच्या मातोश्रींना झोपायच्या आधी कोमट तिळाचं तेल हलक्या हातानं लावून, वर गरम पाण्याची पिशवी. रगडायचं अजिबात नाही. रगडलं की दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. वाळूची पोटली पण बरी, तव्यावर तापवून फडक्यात बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. दुपारी चारनंतर चहा बंद केला, त्याला मात्र महाभारत झालं.

आमच्याकडे आठवडी बाजाराजवळ एकजण 'वाताची पुडी' देतो. दोन दिवसांत माणूस पळायला लागतं म्हणतात. कुणी घेतलीय का?

गोदातीर
नको रे बाबा. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या बिनलेबलच्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. माझ्या नणंदेचा चेहरा सुजला, साखर वाढली, आणि पुडी एकदम सोडली तर चक्कर येऊन पडली. फायब्रोला स्टेरॉइडचा उपयोगही नाही. आयुर्वेद घ्यायचा तर पदवीधर वैद्याकडून, औषधाचं नाव लिहून घ्या, चालू गोळ्या त्यांना दाखवा. अश्वगंधा सगळ्यांना सोसतेच असं नाही, थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारूनच. आणि डी जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं. आमच्या शेजारीण रोज दुधात घालून घेत होत्या!

फिजिओ_संभाजीनगर
डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या सुयाही तशाच. या दुखण्यावर फार चालत नाहीत, मूत्रपिंडाला आणि जठराला मात्र त्रास होतो. अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटीन, प्रीगाबालीन यातली काही गोळी लिहून दिली आणि खाली 'डिप्रेशनची' किंवा 'फिटची' असं गूगलवर दिसलं तर घाबरून बंद करू नका. वेदनेचा आवाज कमी करायला त्या देतात. चक्कर, सूज, वजन वाढलं तर डॉक्टरांना सांगा, मनानं सोडू नका. मन खचलं असेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. फायब्रो मनाचा खेळ आहे म्हणून नव्हे, रोज दुखत राहिलं की कुणीही खचतं म्हणून सांगतोय.

रानमळा_बीड
सुयांचं खरंय. आमच्या मंडळीला बी दर बाजारी एक लागायली. हिमोग्लोबिन आन् थायरॉइड कधी बघितलंच न्हाई. ह्या सोमवारी अंबाजोगाईला नेतो मोठ्या दवाखान्यात.

मांजराकाठ
दादा, जरूर न्या, आणि काय निघालं ते इथं सांगा.

उकडीची भाकरी काल केली. पहिली फसली, दुसरी जमली. मुख्याध्यापकांनी वर्गात खुर्ची वापरायला हरकत नाही म्हटलंय. एसटीत बसायला मिळावं म्हणून आता आधीच्या स्टॉपला जाऊन चढते, तेवढं चालणंही होतं.

आता खरी अडचण. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. आमच्याकडे उभ्याच्या असतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, सवाष्ण-ब्राह्मण, पंचवीस-तीस पानं. दरवर्षी विसर्जनानंतर आठवडाभर उठवत नाही. काय करता तुम्ही?

गोदातीर
मी कामं तीन ढिगांत वाटली. बसून होणारी माझ्याकडे: साड्या नेसवणं, दागिने, मुखवट्यांचं, फुलवाती, भाज्या निवडणं. उभ्यानं होणारी दुसऱ्यांकडे. आणि कुणीच केली नाही तरी चालतील अशीही बरीच निघाली, उदाहरणार्थ पाच प्रकारचे लाडू. पुरण आदल्या दिवशी शिजवून फ्रीजमध्ये. पोळ्या लाटायला गावातल्या मावशी मिळतात, पैसे द्या आणि मोकळ्या व्हा. रजा सणाच्या आधी घेऊ नका, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची घ्या.

आणि जाऊबाईंना फोन आत्ता करा. आदल्या दिवशी सांगितलं की सोंग म्हणतात.

मांजराकाठ
केला फोन. पुरण त्यांच्याकडे, नेसवणं माझ्याकडे. कटाची आमटी कुणी करायची यावर अजून अडलंय.